श्रीची जागा

शुक्रवार, २३ नोव्हेंबर १९५६

आज मॅट्रिकच्या चाचणी परीक्षेचा मराठीचा पेपर मी कोरा दिला. अगदीच कोरा नाही, वर नंबर होता आणि समासाची रेघ होती. रेघ फार सुंदर सरळ आली होती. तिचे मार्क देत असतील तर तेवढे मिळतील.

झालं काय ते मला अजून कळलेलं नाही. पेपर सोपा होता. पहिला प्रश्न तर असा पाठ होता की माझी घोकंपट्टी ऐकून ऐकून शेजारच्या तेलुगू अम्मालाही तो पाठ झाला असेल. टाक दौतीत बुडवला. हात नेहमीसारखा कागदाच्या वरच्या टोकाला, मधोमध गेला, श्री काढायला. मग आठवलं, आपण आता श्री काढत नाही. दसऱ्याला बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मग इथं हैदराबादेत, नल्लकुंट्यात, आम्ही सगळ्यांनी घेतली, घरातले देव मुसी नदीत सोडून आलो. बौद्ध झाल्यावर श्री कसली घालायची? हात मागं घेतला. आणि तिथून पुढं काहीच नाही. एक शब्द आठवेना. टाकाच्या टोकावर शाई वाळून गेली आणि घंटा झाली.

माझं डोकं कमजोर आहे का? पण सहामाहीला, दसऱ्याच्या आधी, मी पहिल्या पाचात होते. माय म्हणते, शिळ्या भाकरीनं झालं. मला वाटतं, देखरेखीचे मास्तर सारखे माझ्याकडेच बघत होते त्यानं झालं. रडायचं नाही असं रस्ताभर स्वतःला बजावत घरी आले आणि रडले नाही.

सोमवार, २६ नोव्हेंबर

इतिहासाचंही तेच, भूगोलाचंही तेच. गणितात थोडं काही सुटलं. आज मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं.

म्हणाल्या, "सखू, आपल्या मराठी वर्गाचं हे वर्ष आधीच लंगडं आहे. अर्धे मास्तर औरंगाबादेकडं निघालेत. त्यात निकाल पडला तर पुढं हा वर्ग राहील का? तुझं नाव मॅट्रिकला पाठवून मी धोका का पत्करू?" शेवटी जानेवारीत माझी फेरपरीक्षा घ्यायचं ठरलं. पास झाले तर नाव जाईल, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

पुढच्या वर्षी! एक तारखेला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी मुलूख मुंबईला जोडला, आणि मराठी नोकरदार ज्याच्या त्याच्या मुलखात. बा सरकारी कचेरीत दफ्तरी आहे, कागदांचे बस्ते बांधतो आणि लावतो. त्याचा तबादला परभणीकडं एका तालुक्याला झालाय. तिथं मुलींची शाळा सातवीला संपते. मी पुढच्या वर्षी तिथं असेन, शेण सारवत. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही. हे मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या चष्मा पुसायला लागल्या.

बाहेर मुकुंदराव सर उभे होते. ते मराठी शिकवतात आणि माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले, "बाळ, रागावू नकोस. तुझा कागद मी पाहिला. श्रीकाराशिवाय लेखणी चालत नाही, हा माझा आयुष्याचा अनुभव. तू देवीला विसरलीस, विद्या तुला विसरली. बारीकशी एक श्री घाल, कुणाला सांगायची गरज नाही."

मी म्हटलं, "नाही घालणार, सर."

"मग नापास होशील."

"मग श्री न घालता नापास होईन."

बोलताना मला मोठी ऐट वाटली. फाटकाबाहेर आल्यावर ध्यानात आलं, दप्तर आतच राहिलं.

रविवार, २ डिसेंबर

दर रविवारी आमच्या खोलीत बायका जमतात आणि मी त्यांना त्रिसरण-पंचशील शिकवते. मला वाचता येतं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलंय. सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी समोरच्या खोलीतली कोंडामावशी. "संघं सरणं गच्छामि" इथवर नीट येते आणि दोन्ही हात जोडून एकदम म्हणते, "बया माझे, येडेश्वरी आई!" आज पुन्हा तेच. सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून हसल्या.

"हसू नका गं," मावशी म्हणाली. "म्या नवी झाले, पर जीभ जुनीच ऱ्हायली. तिला कुनी दीक्षा दिलीच न्हाई."

मी तिला कोपऱ्यात बसवून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. प्रत्येक वेळी येडेश्वरी आली. शेवटी मी चिडले. एवढ्या ओळी लक्षात राहत नाहीत म्हणजे काय!

मायचंही तसंच. भिंतीतल्या देवळीत आमचे देव असायचे. आता तिथं नुसता काळा डाग आहे. माय रोज दिवेलागणीला दिवा घेऊन तिकडं जाते, देवळीपाशी थबकते, परत फिरते आणि दिवा कुठंतरी जमिनीवर ठेवते. काल माझी लाथ लागून तेल सांडलं आणि बोलणी मला बसली. आधी मायच्या हातून भाकरी कधी करपत नव्हती, आता रोज करपते. घरात माझी परीक्षा सोडून सगळ्यांना दुसरेच उद्योग आहेत.

रविवार, ९ डिसेंबर

गुरुवारी बाबासाहेब गेल्याची बातमी आली.

बा कचेरीतून आला तो अंगातला कोटही न काढता उंबऱ्यावर बसला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत आमच्या लोकांच्या चुली पेटल्या नाहीत. तेलुगू अम्मानं भात पाठवला, तो तसाच राहिला.

शुक्रवारी मी शाळेत गेले. माय म्हणाली, आज कशाला जातीस? मी म्हटलं, आजच जाणार. वर्गात मुकुंदराव सर जवळ येऊन म्हणाले, "बाळ, आज घरी जा. आज कुणी काही म्हणणार नाही." मी बसून राहिले. काय शिकवलं ते आठवत नाही, पण शेवटच्या घंटेपर्यंत बसले.

आज बायका जमल्या. कोंडामावशीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न चुकता म्हटलं. कुणी तिला शाबासकी दिली नाही. मीसुद्धा नाही. देता आली असती.

सोमवार, १७ डिसेंबर

अभ्यासाचा धडाका लावलाय. पहाटे पायरीवर बसून मोठ्यानं वाचते. अम्मा अंगणात सडा घालता घालता "चदुवु, चदुवु" म्हणते, म्हणजे वाच, वाच. दुपारी भामा येते. ती माझ्या वर्गातली, चिक्कडपल्लीच्या धान्याच्या दुकानदार एकनाथरावांची मुलगी. तिला गणित येत नाही आणि मला तिच्या डब्यातली चकली आवडते, असं आमचं जमतं.

पण जेवण जात नाही. रात्री डोळा लागला की तोच कोरा कागद दिसतो. एक गोष्ट ध्यानात आली. बाच्या कचेरीतली रद्दी मी आणते, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसले की उत्तर भराभर येतं. स्वच्छ कागद समोर ठेवला की संपलं. मला स्वच्छ कागदाची सवय नाही, हेच कारण असणार. भामाला सांगितलं तर म्हणाली, "रद्दीवर कुणी श्री घालतं का?" या मुलीला दुसरं काही सुचतच नाही.

बाची मला लाज वाटायला लागली आहे. तो दिवसभर राज्याचे तीन ढीग करतो, तेलुगूचा वेगळा, कन्नडचा वेगळा, आपला वेगळा. तिघांचे बस्ते बांधून झाले आणि लोक चालूही लागले. काल नागोरावकाका निरोप घ्यायला आले. बाच्याच कचेरीत होते. म्हणाले, "सूर्यभान, साहेब लई नाराज हाय तुझ्यावर. आधी गेलास तर चांगली जागा भेटंल. जल्दी कर." बा म्हणतो, "हौ, जातो की. थोडं काम बाकी हाय." काय काम बाकी आहे? ढीग तर संपले. काका गेल्यावर मी सरळ विचारलं, "बा, तुला नव्या गावाची भीती वाटते का?" म्हणाला, "हौ, वाटते." आणि विडी पेटवली. असला बाप! मुकुंदराव सरांना तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्या मुलीचा.

गुरुवार, ३ जानेवारी १९५७

आज भामा म्हणाली, "ऐक. तुझ्या वाटची श्री मी घालते. हात माझा, अक्षर माझं. तुला पाप नाही, मला पुण्य. तू खालून लिहायला लाग."

मी म्हटलं, "तुझं पुण्य तुझ्या डब्यात ठेव."

"हट्टानं वाटोळं होईल तुझं."

"होऊ दे. माझं आहे, मी करीन."

ती चकली न देताच गेली.

गुरुवार, १० जानेवारी

आज फेरपरीक्षेचा मराठीचा पेपर झाला.

उत्तराचे कागद शिवून ठेवायचं काम मॉनिटरकडं असतं, आणि मॉनिटर आहे भामा. मुकुंदराव सरांनी मला कागद दिले. वर पाहते तर मधोमध, अगदी मुंगीएवढी, पेन्सिलीची श्री. दुसऱ्या पानावर श्री. तिसऱ्या पानावरही. प्रत्येक पानावर मुंगी बसवली होती बाईसाहेबांनी.

असा संताप आला की कानशिलं तापली. माझा कागद, माझी परीक्षा, आणि मला न विचारता! मी बोटाला थुंकी लावून ती श्री घासली. घासता घासता कागदाला भोक पडलं. पडू दे. त्या भोकाखाली मी जे लिहायला लागले ते घंटा होईपर्यंत थांबले नाही. पुरवणी मागितली. सर म्हणाले, "सावकाश, बाळ, टाक मोडेल." मला सगळं येत होतं. सगळं येत होतं मला!

बाहेर भामा वाट बघत होती. डोळे चमकत होते तिचे. "पाहिलंस? चाललं की नाही?" म्हणाली. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

सोमवार, १४ जानेवारी

पास. सगळ्या विषयांत. मोठ्या बाईंनी स्वतः सांगितलं, नाव बोर्डाला जाणार. मुकुंदराव सरांनी विचारलं, "कागदाला भोकं कसली गं?" मी म्हटलं, "खोडरबर नव्हतं." ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांना कळलं असावं.

संध्याकाळी भामा तिळगूळ घेऊन आली. तिळगूळ हा देव नाही, खाऊ आहे, असं माझं मत आहे. म्हणून खाल्ला. गोड मात्र बोलले नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा तेच. काल स्वच्छ कागद घेऊन घड्याळ लावून बसले. हात वर गेला, थांबला, डोकं रिकामं. जानेवारीत रागावर निभावलं, हे आता ध्यानात आलं. पण मॅट्रिकच्या हॉलमध्ये माझ्यावर उपकार करायला भामा कुठून येणार? रोज नवा राग कुठून आणायचा?

एकदा वाटलं, घालून टाकावी. कोण बघतंय? मग वाटलं, मी बघतेय की. कोंडामावशी त्या म्हाताऱ्या जिभेशी रोज झटते आणि मी सोळा वर्षांची, हात उचलून शरण जाऊ? नाही जाणार. तसं असेल तर कोरा कागद देईन आणि ताठ मानेनं बाहेर येईन. पण मला कोरा द्यायचा नाही. मला पास व्हायचंय. फार फार वाटतं पास व्हावं. हे कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते.

मुकुंदराव सर आज औरंगाबादेला गेले. निरोपाला आम्ही सगळ्या मुली स्टेशनवर होतो. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू घालणार नाहीस, माहीत आहे मला. तुझ्या पेपरांच्या दिवशी मी तिकडं तुझ्या वाटची लिहीन. त्याला तर तुझी हरकत नाही ना?" म्हातारं माणूस, लिहू दे. गाडी सुटली तेव्हा मात्र फलाट संपेपर्यंत मी त्यांच्या डब्याबरोबर चालले.

रविवार, २४ फेब्रुवारी

आज मायशी कडाक्याचं भांडण. मी अंघोळ करून येते तर माझी सगळी पुस्तकं गायब. बघते तर देवळीत! इतिहास, भूगोल, बीजगणित, सगळी तिथं उभी रचलेली आणि शेजारी पेटता दिवा. बीजगणिताच्या पुठ्ठ्याला काजळी लागली होती.

"माय, ही काय पुस्तकं ठेवायची जागा आहे?"

"मंग कशाची हाय?"

"पुस्तकं काय देव आहेत पुजायला?"

"पुजतंय कोन?" माय म्हणाली. "जागा रिकामी ठिवली की दिवा घेऊन हात तिकडंच जातोय माझा. ठिवायला काई न्हाई, मंग म्या येड्यावानी उभी. आता तिथं तुझी पुस्तकं हायत. दिवा ठिवती, तुला बी वाचायला दिसतंय. झालं."

हे काय कारण झालं? मी पुस्तकं काढून खाली ठेवली. संध्याकाळी पुन्हा देवळीत. पुन्हा काढली. पुन्हा ठेवली. शेवटी मी हरले, कारण तिथं उजेड खरंच चांगला पडतो. आज भाकरी मात्र करपली नाही, याची नोंद करून ठेवते.

बा अजून हललेला नाही. साहेबानं त्याला मार्चअखेरपर्यंतची शेवटची मुदत दिली म्हणे. कचेरीत त्याला आता काम नाही, नुसता स्टुलावर बसून असतो आणि घरी येऊन मला विचारतो, "इम्तेहान कधी संपतंय?" दहा वेळा सांगितलं तरी लक्षात राहत नाही.

सोमवार, ११ मार्च

आज पहिला पेपर. मराठी. सेंटर विद्यानगरच्या पुढं होतं. बा पोचवायला आला आणि फाटकापाशी उभा राहिला. जा म्हटलं तरी जाईना.

सगळं लिहिते, काही राहायला नको.

कागद आला. पांढरा स्वच्छ. टाक बुडवला, हात वर गेला, मधोमध. थांबला. शेजारच्या मुलीनं श्री काढली, एक रेघ ओढली आणि सुटलीसुद्धा. पुढच्या बाकावर भामा. तिचीही मान खाली, वेणी हलतेय. माझा हात तिथंच. मनात म्हटलं, गेलं. मॅट्रिक गेलं, आता तालुका आणि शेण.

तेवढ्यात बोटाकडं लक्ष गेलं. बोटाला काजळी होती. सकाळी देवळीतून पुस्तक काढताना लागलेली. आणि मला मायचा हात दिसला, दिवा घेऊन थबकलेला. येड्यावानी उभी, म्हणाली होती. ठिवायला काई न्हाई म्हणून.

तर माझ्याकडं ठेवायला होतं की! हात मागं घ्यायचा कशाला? जिथं श्री असते तिथंच, अगदी त्याच जागी, मी लिहिलं, 'प्रश्न पहिला'. आणि त्याच्याखाली उत्तर.

देखरेखीचे गृहस्थ शेजारून जाताना थांबले. "एवढ्या वरून लिहू नये. वर जागा सोडावी."

"कशाला सोडायची?" मी विचारलं.

सांगावं की सांगू नये असं त्यांच्या तोंडावर दिसलं. मग पुढं गेले. मी पुन्हा मान वर केली नाही.

सुटल्यावर भामा धावत आली. जानेवारीपासून आम्ही नीट बोललो नव्हतो. दोन्ही हात धरले माझे. "सखू, लिहिलंस?"

"लिहिलं. सगळं."

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि कानाशी येऊन विचारलं, "श्री घातलीस?"

"नाही."

"मग सुरुवात कशानं केलीस?"

"उत्तरानं."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग डबा उघडला. दोघींनी फाटकापाशी उभ्या राहून चकल्या संपवल्या, एक बाला दिली.

बुधवार, २० मार्च

संपली परीक्षा! शेवटचा पेपर भूगोलाचा. सगळेच पेपर मी वरच्या टोकापासून लिहिले. आता निकाल काय लागायचा तो लागो. म्हणजे चांगलाच लागो, पण कोरा दिला नाही, एवढं माझं मी पाहिलं.

घरी आले तर बा कचेरीतले बस्ते बांधायचं लाल कापड आणि सुतळी घेऊन बसलेला. अर्धी भांडी बांधूनही झाली होती. इतके महिने हलेना आणि आज, मी हॉलमधून बाहेर पडते न पडते तोच, याला मुहूर्त सापडला. म्हणजे मुहूर्त नव्हे, मुहूर्त आपण मानत नाही. मी म्हटलं, "बा, तुझं ते बाकी राहिलेलं काम झालं वाटतं?"

"हौ," बा म्हणाला, "आज झालं." आणि गाठ आवळायला खाली वाकला.

कोंडामावशी निरोपाला आली. आम्ही सोबत त्रिसरण म्हटलं. ती आता सहसा चुकत नाही. आज शेवटी मात्र येडेश्वरी आलीच. मावशीनं जीभ चावली आणि मी तिच्या गळ्यात पडले.

सगळ्यात शेवटी माझी पुस्तकं राहिली. मी देवळीतून काढायला गेले तर माय म्हणाली, "थांब, ती म्या घेती." तिनं एकेक पुस्तक पदरानं पुसलं आणि लाल कापडात ठेवलं. बाला म्हणाली, "तिकडं खोली बगताना देवळीवाली बगा."

"आता देवळी कशाला?" मी विचारलं. "मॅट्रिकची पुस्तकं झाली की वाचून."

"कालेजची कुठं ठिवशील मंग?"

मी म्हटलं, "माय, अजून निकाल लागायचाय."

"लागू दे की," माय म्हणाली, आणि गाठ मारायला बस्ता बाच्या पुढं सरकवला.